अप्पा परसात उतरले

माझे सासरे रफू करायचे. बाजारातल्या एका लाँड्रीच्या दर्शनी काचेला लागून त्यांचं लाकडी मेज होतं, आणि त्या मेजामागे मान खाली घालून त्यांनी उभं आयुष्य काढलं. लाँड्रीवाल्याने दुकान मोठं केलं तेव्हा त्यांना आत पंख्याखाली ऐसपैस जागा देऊ केली होती. ते म्हणाले, पंखा माझ्या घरीही आहे, असा उजेड मात्र नाही. आणि काचेजवळच राहिले.

इस्त्रीने करपलेले कोट, उंदरांनी कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या विजारी त्यांच्याकडे यायच्या. कापडाच्याच आतल्या दुमडीतून ते धागे उसवून घेत आणि त्याच धाग्यांनी भोक असं विणून काढत की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "अहो, पण फाटलं होतं कुठे?" हे ऐकलं की अप्पांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलायचा. त्यांच्या हसण्याची मजल तेवढीच. बोलणंही बेताचं. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्याशी काय बोलावं हे न सुचून त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे." मी पास झालो, हे मला बायकोने मागाहून सांगितलं.

घर त्यांचं लहानसं. तीन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं, आणि शेवटच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पायऱ्या उतरल्या की परस. घरापेक्षा परस मोठं. एक लिंबाचं झाड, एक डाळिंबाचं, भिंतीवर चढवलेली जाई, नळाशी धुण्याचा दगड, आणि कुंपणापर्यंत भाजीचे वाफे. हे सगळं माझ्या सासूबाईंचं, म्हणजे माईंचं राज्य. अप्पा तिथे फक्त सायकल ठेवायला जात. एकदा माईंनी चूल पेटलेली असताना त्यांना लिंबू तोडून आणायला पिटाळलं, तर बऱ्याच वेळाने ते एक कच्चं डाळिंब घेऊन आले. ही गोष्ट माई प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, अप्पा समोर बसलेले असतानाच. अप्पा खाली मान घालून चहा पीत राहायचे. त्यांचं म्हणणं एकच, मला बोटापासून वीतभर अंतरावरचं विचारा, त्यापलीकडचं हिला विचारा.

मग त्यांना उभे धागे वाकडे दिसायला लागले.

आधी त्यांना वाटलं कापडातच खोट आहे. मग वाटलं काच मळली आहे. शेवटी एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला आणि भोक नेमकं कुठे होतं ते बोट ठेवून दाखवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी आणि माझी बायको त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. नजरेचा मधला भाग झिजला आहे, तो भरून यायचा नाही. कडेकडेचं दिसत राहील, फिरता येईल, अंधार होणार नाही. चष्म्याने मात्र फरक पडणार नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सुईत दोरा ओवता येईल?"

"नाही, काका," त्या म्हणाल्या.

परत येताना त्यांनी रिक्षा लाँड्रीपाशी थांबवायला लावली. सुया डबीत भरल्या, मेजावरचे धाग्यांचे तुकडे तळहाताने झाडले, आणि लाँड्रीवाल्याला म्हणाले, की आता इथे कपडे घ्यायचं टेबल टाकता येईल, उजेड चांगला आहे.

त्यानंतर अप्पा पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. आम्ही रेडिओ नेऊन दिला, तो त्यांनी एकदाही स्वतःहून लावला नाही. बाहेर जायचं त्यांनी बंद केलं. समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, मग ओळख दिली नाही तर लोक म्हणणार म्हातारा शिष्ट झाला. त्यापेक्षा घर बरं. चहा गरम असला तरी तक्रार, निवला तरी तक्रार. माझी बायको फोनवर आईची चौकशी करायची तेव्हा माई म्हणायच्या, घरात माणूस आहे की खुंटीला कोट अडकवलाय तेच कळत नाही. हसत म्हणायच्या, पण हसणं अर्ध्यात संपायचं.

अशात माई पडल्या. पावसाचे दिवस नुकतेच सरले होते, धुण्याच्या दगडाजवळ शेवाळ धरलं होतं. पाय सटकला आणि त्या उजव्या हातावर आल्या. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. माईंना दुखण्यापेक्षा दुःख कशाचं, तर आदल्याच दिवशी त्यांनी टोमॅटोची रोपं वाफ्यात लावली होती, आणि पावसाने माजलेलं गवत चहूकडून त्यांच्यावर चालून येत होतं.

"एक महिना गेला की संपलं," त्या बायकोला म्हणाल्या. "मग परसात मी नाही, साप राहतील."

म्हणून रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे जायला लागलो. मी, बायको आणि आमची मुलगी, जी तेव्हा तिसरीत होती. आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी विमा कंपनीत टेबलावर काम करणारा माणूस. चौथ्या मजल्यावर राहतो. खुरपं आणि फावडं यांतला फरक मला माहीत होता, पण तेवढाच. जावयाला दशमग्रह म्हणतात, त्याची शांत करावी लागते, असं मी ऐकून होतो. इथे माईंनी दारातच माझ्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, बूट काढा, माझ्या चपला घाला."

माई मागच्या पायरीवर स्टूल टाकून बसल्या, प्लास्टरचा हात गळ्यात आणि मोकळा हात हवेत. चौकातला हवालदार परवडला. ते नाही, त्याच्या पलीकडचं. मुळापासून, शेंडा खुडून काय होणार? अगं, कडेने खण, मधे जाईचं मूळ आहे. माझी बायको आईसारखीच चिवट, तिने तासाभरात एक पट्टा साफ केला. मी तेवढ्या वेळात एक गुडघा सोलून घेतला आणि एका दगडाखालून गांडूळ निघालं म्हणून मुलीला बोलावलं. माईंनी ते पाहिलं.

चहाच्या वेळी मुलगी आत गेली आणि आजोबांच्या बोटाला धरून बाहेर आली. त्यांना कसं उठवलं हे तिने कुणाला सांगितलं नाही. अप्पा दारात उभे राहिले. परसाकडे पाहत होते की नाही, कळत नव्हतं. माई म्हणाल्या, "या. बसून बसून त्या खुर्चीला पालवी फुटेल."

त्यांना बसायला पाट दिला, हातात लहान खुरपं दिलं आणि नेमकं टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला बसवलं, कारण तिथे सावली होती. सांगितलं काय, तर गवत काढा. गवत कुठलं आणि रोप कुठलं, हे सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आम्हाला ते दिसत होतं.

अप्पा कामाला लागले. मान खाली, पाठीला बाक, दोन्ही हात मांडीपुढे. लाँड्रीच्या काचेतून पूर्वी दिसायचे तसेच. माझ्या बायकोने मला कोपर मारून दाखवलं आणि तिचे डोळे भरून आले. आम्ही पाठ फिरवून आपापल्या कामाला लागलो, त्यांना उगाच लाजल्यासारखं व्हायला नको म्हणून. चूक झाली ती इथे.

पुन्हा वळून पाहिलं तेव्हा मुलगी त्यांच्याजवळ उभी होती. अप्पांनी उपटलेलं सगळं शेजारी नीट रचून ठेवलं होतं, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, जुडी बांधायला घेतल्यासारखं. वाफा लख्ख झाला होता. त्यात काहीच उरलं नव्हतं.

"आजोबा," मुलगी हळूच म्हणाली, "यात टोमॅटो पण आहेत."

अप्पांचा हात थांबला. त्यांनी रचलेल्या ढिगावरून बोटं फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग खुरपं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि भिंत चाचपत घरात गेले. माझी बायको मागे जायला निघाली तर माईंनी मोकळ्या हाताने तिचा पदर धरला.

माई स्वतः गेल्या. आम्ही परसात, दार उघडं, मधे तीन खोल्या. ऐकू न येण्यासारखं ते घर नव्हतंच.

आधी अप्पांचा आवाज आला. ते म्हणत होते की माझ्याकडून आता काही होणार नाही, मला बोलावत जाऊ नका, मी जिथे आहे तिथे बरा आहे. माईंनी ते सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "रोपं उपटलीत म्हणून मी काही म्हणत नाहीये. ती मला पुन्हा लावता येतील. पण एका हाताने लावता येत नाहीत. दुसरा हात तुमचा लागेल, आणि तुम्ही इथे येऊन बसलाय."

आम्ही तोवर रोपं पाण्यात बुडवून सावलीत ठेवली, तेवढी अक्कल बायकोला होती. ऊन उतरल्यावर दोघं मागच्या दाराने बाहेर आली. माई वाफ्याशी बसल्या, अप्पा त्यांच्या समोर. माईंनी डाव्या हाताने एक रोप खड्ड्यात उभं धरलं आणि अप्पांनी दोन्ही हातांनी माती लोटून बुडाशी दाबली. माई म्हणाल्या, हळू, मान मोडेल. पुढच्याला अप्पांनी हळू दाबलं. तिसऱ्याला माईंना काही बोलावं लागलं नाही. मी झारी घेऊन मागून मागून जात होतो. दशमग्रहाला तेवढंच काम.

त्यातली काही रोपं मेली. बरीचशी जगली.

त्या आठवड्यात अप्पा रोज सकाळी वाफ्यावर जाऊन बसायला लागले. माईंनी त्यांना प्रत्येक पान हातात देऊन ओळख करून दिली. टोमॅटोचा देठ केसाळ, आणि कुस्करला की बोटाला वास राहतो. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, दोन बोटांत फिरवला की कडा लागतात. घेवड्याचं पान मऊ पण खरखरीत. ज्या बोटांना लोकरीतला आणि सुतातला फरक अंधारातही कळायचा, त्यांना हे काही जड गेलं नाही. पण ओळखायला वेळ लागला, आणि अप्पांनी तो घेतला. शंका आली की ते उपटत नसत, रोपाला धरून बसून राहत आणि माईंना हाक मारत. एकदा माई आंघोळीला गेल्या होत्या, तर हा माणूस एक पान चिमटीत धरून त्या येईपर्यंत तसाच बसलेला.

आणखी एक गोष्ट त्यांना सापडली, ती माझ्या मुलीमुळे. तिचा पिवळा फ्रॉक होता. अप्पा एकदम म्हणाले, "तू डाळिंबाशेजारी उभी आहेस ना? मी भिंतीकडे पाहिलं की तू दिसतेस. तुझ्याकडे पाहिलं की जातेस." झालं, तिला खेळ मिळाला. ती हातात काहीतरी घेऊन उभी राहायची, अप्पा भलतीकडेच तोंड करून ओळखायचे. चमचा. पान. तुझी चप्पल, खाली ठेव ती. असं करता करता त्यांना नजर बाजूला ठेवून पाहायची सवय लागली. त्यातून भानगडी झाल्या. मी त्यांच्याशी बोलत असायचो आणि ते माझ्या कानामागच्या आभाळाकडे पाहत उत्तर द्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या मागे कुणी आलंय.

आमचे रविवार असे ठरूनच गेले. सकाळी काम, दुपारी मागच्या पायऱ्यांवर बसून पाव, अंडी आणि चहा, मग पुन्हा काम. माझ्या हातांना घट्टे पडले आणि ऑफिसात मी ते उगाच टेबलावर ठेवून बसायला लागलो.

अशाच एका दुपारी आम्ही दमून पायऱ्यांवर न बसता कुंपणाशी, घराकडे तोंड करून बसलो होतो, कारण सावली तिकडे गेली होती. अप्पा म्हणाले, "घराच्या भिंतीला आता रंग कुठला आहे?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर द्यायला सगळ्यांनी घराकडे पाहिलं, आणि मग वाद सुरू झाला. बायको म्हणाली पिवळा. माई म्हणाल्या, पिवळा कसला, पांढरा होता, उन्हाने पिवळा पडलाय. मुलगी म्हणाली नळाजवळ हिरवा आहे. मी म्हटलं, खिडकीखाली एक लांब तपकिरी ओघळ आहे.

"तो माझा," माई म्हणाल्या. "चहाचं भांडं खिडकीतून धुवायची सवय."

मग अप्पा एकेक विचारत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज किती जाडीचे आहेत. कौलांवर काय उगवलंय. पायऱ्यांवर ती फरशी कुठली. माई सांगत गेल्या, आणि बायकोलाही त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. पायऱ्यांवरची फरशी म्हणजे जुन्या ओट्याचा तुटलेला तुकडा. दारापासून वाफ्यांपर्यंतची दगडांची वाट माईंनी एकटीने घातली होती. गल्लीत रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा पडलेले दगड त्यांनी मुकादमाला विचारून पदरात बांधून आणले, रोज थोडे थोडे. डाळिंब लावलं तेव्हा स्वयंपाकघराची ही भिंतही नव्हती, नुसता पत्रा होता.

"मी तेव्हा कुठे होतो?" अप्पांनी विचारलं.

"कुठे असणार? दुकानात."

"मग हे सगळं तू एकटीने केलंस?"

"नाही, कोटांनी केलं," माई म्हणाल्या.

अप्पांच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यांनी हात पुढे करून त्या वाटेचा जवळचा दगड चाचपला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, दुसऱ्या दगडाशी तो कसा बसलाय ते पाहिलं. म्हणाले, "सांधा चांगला जमलाय." माई पदराने तोंड पुसायला लागल्या, घाम आला होता म्हणून म्हणाल्या. माझी बायको मला नंतर रस्त्यात म्हणाली, की तिने आईचं कौतुक वडिलांच्या तोंडून यापूर्वी ऐकलेलं तिला आठवत नाही. आणि असंही म्हणाली, की त्या घरात ती लहानाची मोठी झाली, पण इतका वेळ कुणी घराकडे पाहत बसलेलं तिने पाहिलं नव्हतं.

घेवडा वर चढायला लागला तेव्हा त्याला आधार हवा होता. मी बाजारातून प्लास्टिकची जाळी आणतो म्हटलं. अप्पा म्हणाले, सुतळी आहे ना घरात? काठ्या मी आणि बायकोने रोवल्या. सुतळी त्यांनी ताणली. आधी उभी, मग आडवी, एक वरून एक खालून, गाठ मारायची ती बोटाच्या एकाच हिसक्यात. सगळी दुपार त्यात गेली. घेवड्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, तो कशावरही चढला असता. पण त्या दिवशी अप्पांनी संध्याकाळी स्वतःहून रेडिओ लावला.

माईंचं प्लास्टर निघालं आणि मला वाटलं आता सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. माई बरा झालेला हात घेऊन परसात उतरल्या तर तिथे आधीच एक माणूस होता. एका म्यानात दोन तलवारी. माईंनी पालक जिथे पेरायचा ठरवला होता तिथे अप्पांनी पुदिना लावून ठेवला होता. वासावरून ओळखू येतो म्हणून त्यांना पुदिना फार आवडायला लागला होता. पुदिन्याची जात कशी, बोट दिलं की हात धरणारी. तो पालकात शिरला, टोमॅटोच्या बुडाशी गेला, वाटेच्या दगडांमधून डोकावला. माई उपटत, अप्पा त्याच काड्या पाण्यात ठेवून पुन्हा लावत. एका रविवारी आम्ही गेलो तर दोघं एकमेकांशी बोलत नव्हती आणि माझ्या मुलीमार्फत निरोप चालले होते.

"आजोबांना सांग, हे परस आहे, चटणीची वाटी नव्हे."

"आजीला सांग, जागा पुष्कळ आहे."

शेवटी बायकोने मधे पडून कुंपणाकडचा एक पट्टा अप्पांना तोडून दिला आणि मधे विटा उभ्या गाडल्या. अप्पांनी हद्द मान्य केली. पुदिन्याने केली नाही, पण भांडायला निदान नियम झाले.

थंडीच्या सुरुवातीला लाँड्रीवाला आला. मी तेव्हा तिथेच होतो. त्याच्या काखोटीला कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बिचारा फार अवघडला होता. म्हणाला, एक जुनं गिऱ्हाईक ऐकतच नाही, त्यांच्या वडिलांचा कोट आहे, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही म्हणतात, नुसता पाहा तरी. माझ्या बायकोचा चेहरा पडला. मलाही वाटलं, हा माणूस कशाला आला.

अप्पांनी कोट मांडीवर घेतला. बाहीपाशी फाटलं होतं. बोटांनी त्यांनी भोकाच्या कडा पाहिल्या, कापड उलटं करून आतली दुमड चाचपली. लाँड्रीवाल्याला म्हणाले, लोकर उत्तम आहे, आत धागा पुष्कळ आहे, कुणी नीट बसून केलं तर होईल. मग नव्या बाजारात जिन्याखाली बसणारी एक रफूवाली आहे, तिचं नाव सांगितलं. हात सावकाश आहे तिचा, घाई करायला लावू नका म्हणावं.

"तुमच्यासारखं नाही व्हायचं," लाँड्रीवाला म्हणाला.

"नाही झालं तर दिसेल. दिसू दे," अप्पा म्हणाले, आणि कोट घडी करून परत दिला.

या माणसाच्या तोंडून असं वाक्य आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर रफू दिसू नये म्हणून मान मोडली, तो म्हणतोय दिसू दे. त्यांचा आवाज जड नव्हता. हात मात्र जरा वेळ मांडीवर तसेच होते, कोट अजून तिथे असल्यासारखे. मग ते उठले आणि लाँड्रीवाल्याला मागे घेऊन गेले. पायऱ्या त्याला सांभाळून उतरायला सांगितलं, स्वतः सरळ उतरले. वाफे दाखवले, माईंची वाट दाखवली, हद्दीच्या विटा दाखवून त्यामागचा तंटाही सांगितला. निघताना त्याला लिंबं दिली. झाडावरून स्वतः तोडली, आणि ती लिंबंच होती. माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही, ही त्यांची मोठी कृपा.

हे होऊन आता बराच काळ लोटला आहे. अप्पांचे डोळे सुधारले नाहीत, थोडे आणखी उतरलेच. पिवळा फ्रॉक मुलीला होईनासा झाला. आम्ही अजून रविवारी जातो, कामाची गरज असो नसो. गेल्या रविवारी मी फावडं घेऊन जाईच्या कोपऱ्यात गवत काढायला गेलो. भिंतीशी ते गुडघ्याच्या वर वाढलं होतं. पहिलाच घाव घालणार तोच अप्पा पाटावरून म्हणाले, "तिथे नको."

मी विचारलं, का?

"ऐका."

मी फावडं खाली टेकवून उभा राहिलो. आधी काहीच ऐकू आलं नाही, नळाचं पाणी आणि रस्त्यावरचा आवाज सोडून. मग गवताच्या बुडातून अगदी बारीक चिवचिव आली, एकापेक्षा जास्त चोचींची. मुलगी धावत आली, तिला मी हातानेच थांबवलं. माई उठून आल्या, वाकून पाहिलं, पण गवत बाजूला केलं नाही. चिमणीपेक्षा लहान काहीतरी तपकिरी भिंतीवर येऊन बसलं होतं आणि आमच्या सगळ्यांवर तोंडसुख घेत होतं. माईंनी तिथल्या तिथे निकाल दिला की पिल्लं उडून जाईपर्यंत त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकायचं नाही, गवत माजलं तर माजू दे.

आम्ही सगळे परत अलीकडे आलो आणि मिरच्यांच्या वाफ्याला लागलो. मधूनमधून अप्पा नातीला विचारत होते, आई आली का, तोंडात काय आहे. ती पायरीवर उभी राहून सांगत होती. अळी. आता परत गेली. आता भिंतीवर आहे, आपल्याकडेच बघतेय.

"बघू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी तोंड लिंबाकडे वळवलं, भिंत दिसावी म्हणून.